फॅट किती लागते?

बर्टचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. वृंदाने त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. आज ती कागद घेऊन बसली.

"कुणाला लिहितेस?" वासुदेवरावांनी विचारलं. मुलीकडे महिनाभर राहायचं म्हणून ते नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला आले आणि साथीमुळे विमानंच बंद झाली.

"बर्टला, बाबा. आमची प्रयोगाची जनावरं त्याच्या गोठ्यात असतात."

"हां! मग फॅट किती लागते म्हणतो?" ते खुलले. त्यांची सारी नोकरी दूध संघात फॅट तपासण्यात गेली होती. "मी तर पुण्यात सांगून ठेवलंय, बापाने मशिनवर फॅट काढली, लेक जनुकांतून काढतेय!"

वृंदाने पेन खाली ठेवलं.

"बाबा, ती फॅट दुधातली नाही."

"मग कशातली?"

"मांसातली. स्नायूंमध्ये चरबी कधी धरायची, हे कुठली जनुकं ठरवतात ते मी बघते. ते गोऱ्हे आहेत. ठरलेल्या वयात कापून लगेच नमुने घ्यायचे होते."

वासुदेवरावांनी खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाले, "होते म्हणालीस?"

"कत्तलखान्यातले कामगार आजारी पडले, तो बंद झाला. गोऱ्हे खात राहिले. वय उलटलं, चरबी भरली. आता त्या नमुन्यांतून काही कळायचं नाही. नवे वाढवायचे तर माझ्या संशोधनाची मुदत डिसेंबरात संपते. बर्ट विचारतोय, हे गोऱ्हे तुला अजून हवेत का?"

"मग?"

"नकोत म्हणून लिहितेय."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे सुटले बिचारे!"

"नाही, बाबा. कत्तलखाना सोमवारी उघडतोय. आता ते नुसते मांसासाठी कापले जातील."

तिने दोन ओळी लिहून पाकीट चिकटवलं. वासुदेवराव चपला घालून तिच्याबरोबर खाली आले.

कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीपाशी ती पाकीट धरून उभी राहिली. तिच्याने टाकवेना. वासुदेवरावांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि फटीत सोडलं.

तिने सवयीने पर्समधून सॅनिटायझर काढून त्यांच्या तळव्यावर ओतलं. घर येण्याआधीच ते वाळून गेलं. वासुदेवराव हात चोळतच राहिले.