अक्काचं पंचवीस बोरचं पिस्तूल

उपेंद्रचं वागणं वसुमतीअक्काला कधीच पसंत नव्हतं. आयत्या वेळी जेवायला यायचं, भाताचे डोंगर सपाट करायचे आणि हात धुवायच्या आधी तिच्या पिस्तुलाची टिंगल सुरू करायची.

"काकू, या खेळण्यानं कावळा तरी मरेल का?"

"दुसऱ्याच्या ताटावर बसणारा कावळा मरेल की. समोर धरून बघू?"

उपेंद्र तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. इंदिरानगरात त्याचं ऑफिस होतं. कसलं, ते तिला आजवर कळलं नव्हतं. पिस्तूल तिच्या नवऱ्याचं. पंचवीस बोरचं, तळहातात मावणारं. तो गेल्यावर लायसन तिच्या नावावर झालं आणि पिस्तूल पानसुपारीच्या कापडी बटव्यात जाऊन तिच्या कमरेला बसलं. सर्जापूर रोडवर तिची चिकूची बाग. बागेतल्या घरात ती आणि कामाची उल्का, दोघीच. चहूकडे कम्प्युटरवाल्यांच्या इमारती उठत होत्या आणि दलालांना चिकूंच्या जागी फ्लॅट दिसायला लागले होते.

"बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर घे," उपेंद्र म्हणाला. "गोळी लागली की माणूस आडवा झाला पाहिजे. तुझ्या गोळीनं त्याला नुसता राग येईल. नाहीतर सरळ बाग विक आणि फ्लॅटमध्ये जाऊन राहा. मग पिस्तूलच नको."

"तुझी ती धोंड कमरेला लावली तर माझं लुगडं सुटेल. जे अंगावर वागवता येत नाही ते कपाटात पडून राहतं, आणि चोर काही कपाट उघडेपर्यंत थांबत नाही."

शेजारचे बिंदुमाधवअण्णा ओसरीवर बसले होते. ते हसले. "पण अक्का, इलेक्शन लागलंय. लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात ना?"

"एकटी बाई म्हणून साहेबांनी सूट दिली मला. याच्याच स्कूटरवरून गेले होते. विचारा त्याला."

उपेंद्रनं ताकाचा पेला तोंडाला लावला आणि मान डोलावली.

"अक्का, अडकित्ता कुठं गेला?" उल्का आतून ओरडली. "सुपारी कातरायची आहे."

"बत्त्यानं ठेच. सुपारीच ती, माणिकमोती नाहीत."

अक्काला भीती एकाच माणसाची होती. देवाप्पा दलाल. आनेकलचा, अंगानं रेड्यासारखा, गळ्यात जाडजूड साखळी. उन्हाळ्यात तो बाग मागायला आला होता. नाही म्हटल्यावर त्यानं आवाज चढवला. अक्कानं बटव्यात हात घातला. त्याबरोबर देवाप्पा कानडीत "सरी अक्का, सरी", बरं बरं, म्हणत पायऱ्यांवरून उलटा उतरला आणि तसाच फाटकापर्यंत गेला. तो दिवस आठवला की अक्काला चार घास जास्त जात. बटव्यातलं हत्यार केवढं आहे ते त्याला कुठं दिसलं होतं? आहे, एवढंच त्याला पुरलं होतं.

मतदान जवळ आलं आणि तो पुन्हा आला. भर दुपारी, एकटाच. हातात कागद आणि शाईचं पॅड.

"स्वल्प, जरासा अंगठा द्या अक्का. बाकीचं सगळं लिहून आणलंय."

"अंगठा तुझ्या आजीचा घे. मला सही येते, आणि ती मी करणार नाही."

बाहेर प्रचाराची जीप भोंग्यातून कोकलत चालली होती. अक्काचा हात बटव्यात गेला. देवाप्पानं तिकडे पाहिलं आणि हसला. पायऱ्या चढून तो सरळ वर आला. नवऱ्यानं हातानं लावलेली झाडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. देवाप्पानं तिचं मनगट बाहेर ओढायला आपला पंजा बटव्यात खुपसला.

उल्का धावत आली ती त्याची बोंब ऐकून. देवाप्पा हात शर्टात गुंडाळून फाटकाबाहेर पळत होता. पायऱ्यांवर रक्त, कागद उंबऱ्यात.

"अक्का! झाडली गोळी?"

"तुला आवाज आला?"

"जीप केवढ्यानं ओरडत होती. कसा येणार?"

"मग झालं तर. पायऱ्या धू."

दिवेलागणीपर्यंत साऱ्या रस्त्याला कळलं. अक्काच्या पिस्तुलानं देवाप्पाचा अंगठा फोडला. बिंदुमाधवअण्णा मुद्दाम येऊन म्हणाले, "लहान, पण मिरचीसारखं हो!" त्यांच्या मागोमाग उपेंद्र आला, घामाघूम.

"गोळीनं?" तो म्हणाला. "गोळीनं फुटला अंगठा?"

"जेव आधी. उल्का, याचं ताट वाढ."

तो बसला, पण भाताला हात लावेना. "काकू, नक्की गोळीच?"

"मला दुसरंच कोडं पडलंय," अक्का म्हणाली. "उन्हाळ्यात बटव्याला भिऊन उलटा पळणारा माणूस आज त्याच बटव्यात हात घालतो. कसा रे?"

"एवढ्याशा पिस्तुलाला किती दिवस भिणार? मी सांगतच होतो, ते पुरायचं नाही."

अक्कानं कमरेचा बटवा सोडला आणि त्याच्या ताटाशेजारी उपडा केला. पानं पडली, चुन्याची डबी पडली, आणि मागाहून खणकन अडकित्ता पडला. त्याच्या पात्यावर रक्त वाळलं होतं.

"साहेबांनी सूट दिली नाही, उपेंद्रा. इलेक्शन लागल्यापासून पिस्तूल ठाण्यात पडलंय. सगळ्या रस्त्याला मी खोटं सांगितलं. खरं एकट्या तुला ठाऊक होतं, कारण स्कूटर तुझी होती; आणि आज ते देवाप्पालाही ठाऊक होतं. ठाण्यात पडून पडून पिस्तुलानं नेम धरला तो तुझ्यावर. ऊठ. माझ्या ताटावरून ऊठ."