डोळे मिटा

"हा नको, तो निळा दे. इस्त्रीचा," नवरा म्हणाला.

"ड्रेसिंगलाच जायचंय ना? पायाला काय शर्ट दिसणारय?"

"पायाला नाही, सिस्टरना दिसतो."

तो हसला. तिला हसू आलं नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिच्यासाठी म्हणून त्यानं कधी शर्ट निवडला नव्हता.

नवरा बस चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी बुटात खडा गेला आणि हा गडी संध्याकाळपर्यंत तसाच क्लच दाबत राहिला. "कामात लक्ष होतं," म्हणाला. तळव्याला भोक पडलं, वर बुटाच्या काठानं घोटाही सोलला. तेव्हापासून बस आगारात आणि हा घरात. दर मंगळवारी दोघं पायाच्या जखमांच्या दवाखान्यात जायची.

पहिल्याच दिवशी सिस्टरनं पट्टी भिजवून अलगद सोडवली, आणि आतलं लाल मांस पाहून बायकोलाच घेरी आली. "ताई, तुम्ही बाहेर बसा," सिस्टर म्हणाली. तेव्हापासून ती बाहेर, बाकावर. मध्ये हिरवा पडदा. नवरा तिचा, पाय नवऱ्याचा आणि हात मात्र भलतीचाच.

पडदा बघू देत नव्हता, पण ऐकू देत होता. सलाईनची धार, चिमट्याची किणकिण, मग जखमेच्या काठची मेलेली कातडी ब्लेडनं काढतानाची बारीक खरखर.

"दुखतंय का?"

"छे! तुमचा हात म्हणजे पीस आहे, सिस्टर. लागलेला कळतसुद्धा नाही."

बाकावर तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एकोणीस वर्षं या हातांनी त्याचं डोकं चेपलं, पाठ चोळली. त्यांना कुणी कधी पीस म्हणालं नव्हतं.

सगळ्यात शेवटी तो खेळ चालायचा.

"डोळे मिटा. मी हा दोरा जिथं टेकवीन, तिथलं नाव सांगायचं. आता?"

"अंगठा."

"आता?"

"करंगळी."

"आता?"

"टाच."

"डोळे मिटा म्हणे!" बायको पुटपुटली.

शेजारी फडकं पिळत असलेली सफाईवाली मावशी खुदकन हसली. "तुमचे मालक हौशी आहेत हो, ताई! बाकीचे पेशंट कण्हत येतात, हे आपले फोटो काढायला आल्यासारखे."

मावशी गमतीनं बोलली, पण बायकोला ते लागलं.

घरी नवरा खुर्चीत डोळे मिटून बसायचा. ओठ हलायचे. एकदा तिनं कान देऊन ऐकलं. अंगठा, करंगळी, टाच. अंगठा, करंगळी, टाच. एखादं लाडकं गाणं घोळवावं तसा तो तेवढंच घोळवत होता.

"कुणाची आठवण काढताय?" तिनं विचारलं.

तो दचकला. "कुणाची नाही गं. उगाच आपलं."

उगाच म्हणून माणूस असा कानापर्यंत लाल होतो का?

एका दुपारी तो पेपर तोंडासमोर धरून बसला होता. ती गुपचूप त्याच्या पायाशी जाऊन बसली. पट्टीबाहेर अंगठा डोकावत होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, हळूच, नव्या नवरीसारखं. पेपरचं पान उलटलं. तिनं नख रुतवलं. पान पुन्हा उलटलं. मग तिनं चिमटा काढला, सगळा राग बोटांत आणून, करकचून.

बऱ्याच वेळानं पेपर खाली आला. "अगं, तू केव्हा येऊन बसलीस?"

ती उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. परक्या बाईच्या दोऱ्याचं टोक ओळखणारा तो पाय घरच्या बोटांना ओळख द्यायला तयार नव्हता. मनातून उतरलेल्या माणसाचा हात बहुधा असाच अंगाला लागेनासा होत असावा.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात जाताना नवरा सारखा घाम पुसत होता.

"जखम भरली," तो म्हणाला. "आजची दोऱ्याची तपासणी झाली, सिस्टरनी सही केली, की सोमवारपासून मी बसवर."

"म्हणजे आज निरोपाचा दिवस."

"हो ना. धडधडतंय नुसतं."

"दिसतंय की," ती म्हणाली.

पिशवीत तिनं दोन जोडी कपडे घेतले होते. भावाला फोनही करून ठेवला होता. आज दोघांच्या तोंडावर विचारायचं, आणि उत्तर वाकडं आलं तर दवाखान्यातूनच भावाची वाट धरायची. एक तर ती, नाहीतर मी.

पडदा ओढला गेला. आज धार वाजली नाही, चिमटे वाजले नाहीत. सरळ तो खेळच सुरू झाला.

"डोळे मिटा. आता?"

"अंगठा," नवरा म्हणाला, आणि त्या एका शब्दात इतकं सुख होतं की बायकोचा बांध फुटला. ती ताडकन उठली. मावशी "अहो ताई" म्हणेपर्यंत तिनं पडदा सर्रकन बाजूला केला.

नवरा पलंगावर पडला होता. निळा शर्ट, गच्च मिटलेले डोळे, उजळलेला चेहरा. दोरा ट्रेमध्ये, कागदी पाकिटातून न काढलेला. सिस्टर त्याच्या पायांशी उभी होती, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून. तिनं बायकोकडे पाहिलं, मानेनंच 'बोलू नका' म्हणून खुणावलं. हात खिशातून बाहेर काढले नाहीत.

"आता?" तिनं विचारलं.

"करंगळी."

"आता?"

"टाच," नवरा हसून म्हणाला.