खाकरणं

"खोकला आला किंवा दम लागला, तर ताबडतोब बेल दाबा," अप्पांच्या छातीतलं पाणी काढून झाल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला बजावलं. दबलेलं फुप्फुस एकदम फुगलं की कधी कधी त्यातच पाणी भरतं म्हणे.

खोलीत सून तान्ह्याला पाजत असणार, म्हणून अप्पा दाराबाहेर खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. बाथरूममधून आले, खाकरले. व्हरांड्यात जरा फिरून आले, खाकरले. सुनेने दर वेळी बेल दाबली.

"ताई, ही पाचवी वेळ!" सिस्टर वैतागल्या.

"अगं सूनबाई, मर्यादा म्हणून खाकरतो मी," अप्पा ओशाळले. "आता काय टाळ्या वाजवू?"

संध्याकाळी बाळाला पाजताना तिने मान वर केली, तर अप्पा समोर उभे! न खाकरता आत आलेले. ओढणी सावरायच्या आधी तिने बेल दाबली आणि दाबूनच धरली.

सिस्टर तणतणत आल्या आणि अप्पांचे निळसर ओठ बघून ऑक्सिजन आणायला पळाल्या.

"वेळेत सापडलं, आता धोका नाही," दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. "कशावरून ओळखलंत? खोकला वाढला होता?"

"छे हो," सून म्हणाली. "खाकरलेच नाहीत!"