डूख

एक शोधनिबंध छापून आला, की दत्तप्रसाद सर विभागप्रमुख होणार होते. त्यासाठी खर्ची पडणार होती एक धामण, आणि तीही दुसऱ्याच्या उसातली.

शिरोळहून ती जिवंत आणून देताना उसाचा मालक कृष्णात म्हणाला, “सर, तुमचं तोंड झाकून मारा. सापाला पापणी नसती. बघितलेलं त्याला मिटता येत न्हाय. डूख धरतंय ते.”

सरांनी त्याच्याच बोलीत चिडवलं, “पावणं, डूख धरायला डोळ्यापासून आठवणीपर्यंत तार लागती. सापाच्या मेंदूत ती न्हाय, हेच तर छापायचं हाय की!”

आणि उघड्या तोंडानंच तिला मारलं.

मेंदूचे काप रंगवून सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. पहिल्या कापात डोळ्याकडून एक हिरवी तार निघाली होती. पुढच्यात ती लांबली. शेवटच्यात ती कापाबाहेर, नुसत्या काचेवर आली होती आणि वर, सरांकडे वळली होती.

“कालिंदी, ही तार बघ.”

त्यांच्या सहकारी कालिंदीने बघितलं. “काप कोराच आहे की, सर.” मग तिने मान वर केली आणि स्टूल मागं सरकवलं. “सर, जरा डोळे मिटा बघू.”

सरांनी मिटायला घेतले.

सापाच्या मेंदूत आता तार नव्हतीच; निबंध खरा ठरला. त्यापायी धामणीचा जीव गेला होता, आणि सरांच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या.