भिंतीवरच्या वाकळा

सन अडतीसमध्ये मी मधली भिंत पाडून रिसोडातली माझी, गाणी मुद्रित करायची खोली मोठी केली, आणि रस्त्यावरच्या बैलगाड्यांचा खडखडाट तबकडीत जास्तच उतरू लागला. आवाज अडवायला जाड लोकरी नमदा परवडणारा नव्हता. म्हणून घरोघरच्या जुन्या वाकळा मागून आणल्या आणि चारही भिंतींवर ठोकल्या.

खोली इतकी शांत झाली की भरदुपारी डोळे जड व्हायचे.

शेजारच्या गिरजाबाई ओव्या गायला आल्या. त्यांचं गाणं तबकडीवर उतरवून मी लगेच वाजवून दाखवलं. त्यांच्या आवाजामागं कोणीतरी संथ श्वास घेत झोपलेलं होतं.

"खोलीत तं आपण दोघंच होतो, माय," मी म्हणालो.

गिरजाबाई भिंतीकडं पाहत राहिल्या. "मेलेल्याचं अंथरूण नदीवर टाकतेत, हिरालाल. आमच्या धन्याची वाकळ माह्यानं टाकवली नाई. तुले देली."

"कोणती व्हय?"

तबकडीवरची ओवी संपली आणि तो श्वासही थांबला. मग कोणीतरी कूस बदलून लांब जांभई दिली.

समोरच्या भिंतीवरची एक वाकळ वरून हळूच दुमडत खाली आली, जागा झालेला माणूस अंगावरून सारतो तशी.