रोजचा एक व्ह्यू

मातीवरच्या कार रेस लाइव्ह दाखवायचे हक्क क्लबने एका ॲपला विकले. इतकी वर्षं त्याच रेस आपल्या पेजवर फुकट दाखवणाऱ्या यज्ञेशला क्लबचा सेक्रेटरी असलेल्या देवेशने नोटीस धाडली. जुने व्हिडिओसुद्धा काढ म्हणाला.

"जुने तरी राहू दे ना यार," यज्ञेशचा फोन आला. "सहा वर्षांपूर्वीच्या एका रेसला अजून रोज एक व्ह्यू येतो."

"एका व्ह्यूसाठी करार मोडू काय?"

वैतागून यज्ञेशने सगळंच कायमचं डिलीट केलं.

देवेश मुलुंडला घरी पोचला, तेव्हा आई वाढलेलं ताट समोर ठेवून मोबाइलशी झटत होती.



"बघ ना रे, तुझ्या बाबांची कॉमेंट्री लागतच नाहीये. ते गेल्यापासून रोज तीच ऐकत जेवते मी."