आवडती वेळ

पहिलीच्या वर्गाला मी पुठ्ठ्याची घड्याळं करायला लावली. काटे बसवून झाल्यावर म्हटलं, "आता प्रत्येकाने आपली आवडती वेळ लावा." कुणी मधली सुट्टी लावली, कुणी शाळा सुटायची वेळ. खिडकीजवळची एक मुलगी मात्र मघापासून काटे नुसती गरगर फिरवत होती. तास संपत आला होता.

"अगं, लाव की एकदाची!"

तिने चटकन सात वाजवले.

"सातला काय असतं गं?"

"बाई, सातला मला आई भेटते."



दोन वाजता ती आणि मी, आम्ही मायलेकी, एकाच बसने घरी पोचतो, आणि सात वाजेपर्यंत मी वर्गाच्या वह्या तपासत बसते.